तांबडी रेघ

विहीर बेचाळीस फुटांवर आली होती. सुरुंगाचा धूर ओसरला, यारीचं टोपलं दोनदा खाली-वर झालं आणि तळातून आवाज आला, “तांबडं लागलं!”

काठावर उकिडवे बसलेल्या शेतमालकांचा चेहरा उतरला. पुरंदर तालुक्यातल्या त्या शेतावर मी खोदकाम बघायलाच गेलो होतो. टोळीतले सगळ्यांत वयस्कर मामा टोपल्यातून वर आले, डोक्याचं फडकं सोडून त्यांनी तोंड पुसलं आणि मालकांना म्हणाले, “आबा, आता हितनं खाली लगेच पानी न्हाई. जे येनार ते ह्याच्या वरच्या अंगानं येनार. तांबडं पानी धरून ठिवतं, खाली सोडत न्हाई.”

टोपल्यात आलेलं एक ढेकूळ मी हातात घेतलं. विटेच्या रंगाचं, ओलसर, साबणासारखं गुळगुळीत. नखाने सहज ओरखडा उठला. तळहातावर गेरूसारखा डाग पडला, तो दोनदा हात धुऊनही गेला नाही. या थराच्या वरचा दगड काळा, खालचाही काळा, आणि दोन्ही इतके कठीण की सुरुंगावाचून हलायचे नाहीत. मधला हा हातभर थर मात्र पहारीने लोण्यासारखा कापला जात होता. ते ढेकूळ मी रुमालात बांधून घरी आणलं. आज ते माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे, वाळून फिकट झालेलं आणि कडांना भुगा सुटलेलं.

मामांनी पाण्याविषयी सांगितलं ते अगदी खरं आहे. हा थर चिकणमातीसारखा बारीक कणांचा असतो, त्यातून पाणी सहजी झिरपत नाही. पाऊस वरच्या काळ्या खडकाच्या भेगांतून उतरतो, तांबड्यावर येऊन अडतो आणि डोंगराच्या कडेला वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर पडतो. सह्याद्रीतल्या कित्येक वाड्या अशा झऱ्यांवर जगल्या आहेत. पण पाण्याखेरीज या थराने आणखी एक ऐवज सांभाळला आहे, आणि तो सबंध पृथ्वीच्या मालकीचा आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची हवा कशी होती, पाऊस कसा होता, दोन उद्रेकांच्या मध्ये जमिनीला किती उसंत मिळाली, याची नोंद या तांबड्या रेघांमध्ये आहे. पृथ्वीच्या जुन्या हवामानाविषयी बोलताना आपण अंटार्क्टिकाच्या बर्फाची उदाहरणं देतो. ती द्यायलाच हवीत. पण मराठी माणूस ज्याच्यावरून रोज चालतो, ज्यात विहीर खणतो, ज्याचे गड बांधतो, त्या दगडाइतकी मोठी नोंदवही जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

* * *

आधी काळ्या दगडाविषयी.

महाराष्ट्राच्या पाच भागांतल्या सुमारे चार भागांखाली बेसॉल्ट आहे, म्हणजे थिजलेला लाव्हा. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगणातला भाग धरला तर आज त्याचा पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. मुळात तो याहून खूप मोठा होता, बराचसा झिजून गेला आणि काही अरबी समुद्राखाली गेला. इंग्रज अमदानीत कर्नल साइक्स यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी दख्खनच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांची वर्णनं लिहिली आणि ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव रूढ झालं. ट्रॅप हा शब्द आला स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून. राजमाचीवर किंवा हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर उभं राहून समोरच्या डोंगराकडे पाहिलं की नाव किती नेमकं आहे ते कळतं: कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार.

जाडी किती? पश्चिम घाटात ती सर्वांत जास्त, किलोमीटर-दीड किलोमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधनछिद्रं घेतली गेली. रासाटीला ९३२ मीटर लाव्हा पार केल्यावर ड्रिलला ग्रॅनाइट लागला, लाव्हा येण्याआधीची जुनी जमीन. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला खोदलं तेव्हा ही जुनी जमीन साडेतीनशे मीटरांच्या आतच लागली. तिथे लाव्हा ३३८ मीटर जाड होता. पूर्वेकडे जाल तसा तो पातळ होत जातो, आणि नागपूरच्या पुढे संपतो.

ज्वालामुखी म्हटलं की शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उसळणारी आग, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. दख्खनमध्ये बहुतेक वेळा तसं झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पसरत गेला. कसा पसरला, हे पुण्याच्या निनाद बोंद्रे, रेमंड दुराईस्वामी यांच्यासारख्या अभ्यासकांनी कड्यांचे कापे बारकाईने पाहून मांडलं आहे. तव्यावरची भाकरी जशी आतून फुगते, तसं ते होतं. लाव्ह्याची जीभ पुढे सरकते, तिच्यावर पापुद्रा धरतो, आणि मागून येणारा ताजा लाव्हा पापुद्र्याच्या आत शिरून तो वर उचलतो. आतला लाव्हा झाकलेला असल्याने गरम राहतो, म्हणून लांब जातो. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी असलेला लाव्हा हजार किलोमीटरहून दूर, पश्चिम घाटाच्या बाजूने वाहत आला असावा, असं त्याच्या रसायनावरून भूशास्त्रज्ञ म्हणतात.

या सगळ्या थरांची एकावर एक मांडणी लावण्याचं काम १९८०च्या दशकात झालं. इंग्लंडचे कीथ कॉक्स, मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी घाटाघाटांतून दगड गोळा करत हिंडले, प्रत्येक थराचं रसायन तपासलं, आणि थरांच्या गटांना जिथे ते सापडले त्या गावांची नावं दिली. म्हणून आज अमेरिकेतल्या किंवा फ्रान्समधल्या विद्यापीठात दख्खनचा अभ्यास करणारा विद्यार्थी तळापासून वर पाठ करतो त्या नावांतली काही अशी: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. ही यादी पहिल्यांदा एका इंग्रजी शोधनिबंधात वाचली तेव्हा मला एसटीच्या फलाटावर उभा असल्यासारखं वाटलं, आणि अभिमानही वाटला.

* * *

पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटाने चढून जा. सुमारे चाळीस किलोमीटरांत आपण तेराशे मीटर वर जातो, आणि डोंगराच्या कापलेल्या बाजूला हे थर एकामागून एक दिसत राहतात. चालकाला सावकाश घ्यायला सांगा. वळणावळणावर काळ्या कातळात आडवी तांबडी रेघ दिसेल. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. तिच्या वरच्या बाजूला काळा दगड इतका साफ टेकलेला असतो की जणू कुणी फळी ठेवली आहे.

ही रेघ कशी झाली? लाव्ह्याचा एक प्रवाह आला, थिजला, आणि मग बराच काळ काही आलं नाही. त्या काळात त्याच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असतं. हवेतला प्राणवायू आणि पाणी मिळून त्या लोहाला गंज चढवतात. लाल रंग आला तो तिथून. म्हणजे माझ्या टेबलावरच्या ढेकळाचा रंग ही त्या वेळच्या हवेने केलेली खूण आहे. पुढे केव्हा तरी नवा लाव्हा आला, त्याने हा मऊ थर झाकला आणि भाजला. वरचा पृष्ठभाग वीटभट्टीतल्या विटेसारखा लागतो तो त्यामुळे.

सगळ्या तांबड्या रेघा एकाच प्रकारच्या नाहीत, हेही सांगायला हवं. काही खऱ्या अर्थाने जुन्या जमिनी आहेत, तर काहींमध्ये दूरवरच्या स्फोटक ज्वालामुखींतून उडून आलेली राख साचून मुरलेली आहे. यावर अभ्यासकांत वाद आहेत आणि एकेका थरापुरतं उत्तर वेगळं येतं. पण ती राख हीच पुढे सोन्यासारखी ठरली.

कारण बेसॉल्टचं वय काढणं अवघड असतं. वय काढायला सर्वांत भरवशाचा स्फटिक म्हणजे झिरकॉन, आणि तो साध्या बेसॉल्टमध्ये जवळजवळ नसतोच. तो त्या राखेत असतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटांतल्या तांबड्या थरांची पोती भरून नेली, कुटली, धुतली, आणि त्यातून केसाच्या जाडीएवढे, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे झिरकॉनचे स्फटिक वेचले. झिरकॉन तयार होताना त्याच्या घडणीत युरेनियम बसतं, शिसं मात्र जवळपास बसत नाही. पुढे युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. नेहमीच्या प्रकारच्या युरेनियमचा निम्मा भाग शिसं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. स्फटिकात आज किती शिसं साठलंय ते मोजलं की वय निघतं, आणि तेही सहा कोटी साठ लाख वर्षांत काही दहा हजार वर्षांच्या अचूकपणाने. विहीर खोदणारे ज्याला कंटाळून बाजूला टाकतात त्या मातीतून हे वय निघालं आहे.

२०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दख्खनच्या वयाविषयी दोन शोधनिबंध एकाच अंकात आले. शोन यांच्या गटाने तांबड्या थरांतल्या झिरकॉनवरून सांगितलं की लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला, आणि त्यातला एक झटका डायनोसोर नष्ट होण्याच्या आधी काही दहा हजार वर्षं सुरू झाला. बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन, पॉल रेन आणि सहकाऱ्यांनी काळ्या दगडातलेच स्फटिक दुसऱ्या पद्धतीने, आर्गॉन वायूच्या मोजमापाने तपासले. त्यांच्या मते लाव्हा बराचसा सलग येत राहिला आणि त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग डायनोसोर गेल्यानंतरचा आहे. दोन्ही गटांचं दोन गोष्टींवर एकमत आहे: बहुतेक सगळा लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात आला, आणि तो निर्णायक क्षण पोलादपूरच्या थरांच्या जवळपास कुठे तरी आहे. कुणी तो थोडा खाली धरतं, कुणी थोडा वर. आंबेनळीचा घाट चढायला लागताना आपण त्या क्षणाच्या शेजारून जातो.

तो क्षण म्हणजे मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर अशनी आदळला तो. लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी १९८० साली, जगभरच्या एका पातळ मातीच्या थरातल्या इरिडियम धातूवरून ही कल्पना मांडली. अशनीचं सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर चिक्शुलुब इथे पुढे सापडलं. तेव्हापासून वाद चालू आहे, की डायनोसोरांना कुणी मारलं, अशनीने की दख्खनने? मला विचाराल तर पुराव्याचं पारडं अशनीच्या बाजूने झुकलं आहे. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा नाश फार एकाएकी दिसतो, लाखो वर्षं रेंगाळलेल्या लाव्ह्याला तो एकट्याने जमणारा नाही. पण दख्खनला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून सोडून देता येत नाही. अशनी पडण्याआधी सुमारे तीन लाख वर्षं जगभरचे समुद्र दोन-चार अंशांनी तापले होते. ते तापणं आणि दख्खनच्या उद्रेकांचा काळ जुळतो.

* * *

उद्रेकात दगड दिसतो, पण जगाला जे भोवतं ते वायू.

याचं माणसाने पाहिलेलं उदाहरण आइसलँडचं आहे. ८ जून १७८३ रोजी तिथे लाकी नावाच्या ठिकाणी जमीन फाटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. दख्खनसारखाच भेगेतून आलेला, पण एकूण पंधरा घन किलोमीटरच्या आसपास. त्याबरोबर सुमारे बारा कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. आइसलँडमधली निम्म्याहून अधिक जनावरं मेली, आणि उपासमारीत माणसांचा पाचवा हिस्सा गेला. युरोपवर उन्हाळाभर धुरकट पडदा होता. त्या वर्षी नाईलला पूर कमी आला, इजिप्तमध्ये दुष्काळ पडला. सल्फरचे कण उन्हाला अडवतात, जमीन पुरेशी तापत नाही, आणि मोसमी वाऱ्यांचा जोर जमीन-समुद्रातल्या तापमानाच्या फरकावर अवलंबून असल्याने पाऊस रोडावतो.

आता दख्खनचा एक मोठा प्रवाह घ्या. हजार घन किलोमीटर. लाकीच्या साठ-सत्तर पट. असे प्रवाह इथे एकदा आले नाहीत, पुन्हा पुन्हा आले. सल्फरने येणारा गारठा काही वर्षांत ओसरतो, कारण पाऊस ते कण धुऊन काढतो. कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत हजारो वर्षं रेंगाळतो आणि तापवत राहतो. म्हणजे एका उद्रेकाचे दोन तडाखे: आधी थंडी आणि आम्लाचा पाऊस, मागून दीर्घ उष्मा.

स्टीफन सेल्फ या ज्वालामुखीतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हिशेब मांडला, की दख्खनच्या प्रत्येक घन किलोमीटर लाव्ह्याबरोबर सुमारे एक कोटी चाळीस लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला असावा. म्हणजे हजार घन किलोमीटरच्या महाप्रवाहाला १,४०० कोटी टन. हा आकडा वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आज माणसं कोळसा, तेल आणि वायू जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. दख्खनच्या एका महाप्रवाहाचा वायू, जो बाहेर पडायला बहुधा वर्षानुवर्षं लागली, आपण पाच महिन्यांच्या आत सोडतो. हिशेब तीनदा केला, उत्तर तेच आलं. पुढच्या काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की जमिनीवर न आलेल्या, खालीच राहिलेल्या शिलारसातूनही भरपूर वायू निसटला असावा, तेव्हा सेल्फ यांचा आकडा कमी आहे. मग तो दुप्पट धरा, तिप्पट धरा. तरी जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष होतं.

इथे तांबडी रेघ पुन्हा महत्त्वाची ठरते. एक प्रवाह, मग हजारो वर्षांची उसंत, मग दुसरा. त्या उसंतीत समुद्राने, मातीने, झिजणाऱ्या दगडाने हवेतला बराचसा वायू परत घेतला. कड्यात जितक्या तांबड्या रेघा, तितक्या वेळा पृथ्वीला श्वास घ्यायला सवड मिळाली. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत सुमारे २८० होतं, आज ते ४२०च्या वर आहे, आणि या पावणेतीनशे वर्षांत उसंत म्हणावी असा काळ आपण एकदाही दिलेला नाही. मला दख्खनच्या थरांकडे पाहून सर्वांत जास्त काळजी वाटते ती या गोष्टीची. वायू किती, याइतकंच तो किती वेळात, हेही मोजायला हवं.

* * *

त्या उसंतीच्या काळात इथे काय होतं? ओसाड काळं रान? नव्हतं.

चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे लाव्ह्याच्या खालच्या गाळात डायनोसोरांची हाडं मिळाली आणि त्यांची दगड झालेली विष्ठाही. या विष्ठेचे तुकडे लखनौच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गवताच्या पात्यात सिलिकाचे बारीक कण असतात. पातं कुजतं पण ते कण टिकतात. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की त्या विष्ठेत गवताचे कण आहेत. तोवर समज असा होता की डायनोसोरांच्या काळात गवत जवळपास नव्हतंच. २०११मध्ये त्यातच भाताच्या कुळातल्या गवताचीही ओळख पटली. विदर्भातल्या, आज धान पिकवणाऱ्या टापूत, साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी भाताचे नातलग डायनोसोरांच्या पोटात जात होते.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्येही जीवन सापडतं. तळी साचली, तळ्यांकाठी झाडं आली, मग नवा लाव्हा त्यांच्यावर आला. नागपूर आणि छिंदवाड्याकडच्या अशा थरांतल्या ताडाच्या आणि इतर वनस्पतींच्या अश्मांचा बिरबल साहनी यांनी कसून अभ्यास केला. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो वरळीचा बेडूक. मुंबईत वरळीच्या टेकडीच्या थरात इवल्या बेडकांचे सांगाडे गाळात उमटलेले मिळाले, आणि डायनोसोर हा शब्द ज्यांनी घडवला त्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. मुंबईतल्या लाव्ह्यांचा काळ घाटाच्या थोडा नंतरचा. म्हणजे डायनोसोर गेले, आकाश निवळलं, आणि जिथे आज सी-लिंकची रहदारी आहे त्या बाजूला डबक्यात बेडूक ओरडत होते.

आणि हे सगळं आजच्या जागी घडत नव्हतं. लाव्हा थिजताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून बसतात. १९५६ साली ब्रिटनमधल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजली, आणि तिचा कल असा निघाला की हा दगड विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थिजला असला पाहिजे. खंडं सरकतात ही गोष्ट तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ मानत नव्हते. दख्खनचा कातळ तिच्या बाजूने साक्ष द्यायला पुढे आला. आज हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन बेट आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. दख्खनचा लाव्हा येत होता तेव्हा भारत त्याच तप्त ठिकाणावरून पुढे सरकत होता. मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस असा माग राहिला.

* * *

ज्या दगडाने वायू सोडला, तोच तो परत घेतो.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून थोडं आंबट होतं. ते बेसॉल्टच्या फटीत शिरतं, त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवतं, आणि वायूचं रूपांतर पाण्यात विरघळलेल्या क्षारात होतं. हे पाणी कृष्णेने, गोदावरीने समुद्रात जातं, तिथे शंख-शिंपले आणि प्रवाळ त्याचा चुनखडक करतात. विहिरीचं पाणी तापवल्यावर भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, त्यात हाच हिशेब आहे. मराठवाड्यातल्या काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडेही तेच. ते हातात घ्याल तेव्हा लक्षात ठेवा, की त्यातला कार्बन कधी काळी हवेत होता.

गरम आणि ओल्या मुलखात ही झीज सर्वांत वेगाने होते. भारत उत्तरेकडे सरकत विषुववृत्ताच्या उष्ण, पावसाळी पट्ट्यातून गेला तेव्हा लाखो चौरस किलोमीटर ताजा बेसॉल्ट त्या पावसाखाली आला. पृथ्वीची हवा पुढे कोट्यवधी वर्षं थंड होत गेली, तिच्यामागच्या कारणांत दख्खनच्या झिजेचा वाटा आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. पाचगणीचं टेबललँड आणि कासचं पठार यांच्या माथ्यावरचा जांभा ही त्या झिजेचीच शेवटची पायरी: विरघळण्यासारखं सगळं निघून गेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं.

हे काम माणसाला वेगाने करून घेता येईल का, याचे प्रयोग सुरू आहेत. आइसलँडमध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला, तर त्यातला बहुतेक भाग दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला. भारतात शेतांत बेसॉल्टची पूड पसरून हवेतला वायू खेचणाऱ्या ‘माती कार्बन’ या संस्थेला २०२५ साली एक्सप्राइझ स्पर्धेचं पहिलं पारितोषिक मिळालं. खडी क्रशरमागे पडून राहणाऱ्या भुकटीला असा उपयोग मिळत असेल तर मला आनंद आहे. मात्र दगड आपलं काम सावकाश करतो आणि आपण घाईने जाळतो. पुडीने ही तफावत भरून निघेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

* * *

२०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता तुटला, आणि घाट बरेच दिवस बंद राहिला. त्याच पावसात खालच्या गावांमध्ये माणसं गेली. अशा ठिकाणी डोंगराला जाळ्या लावणं, सिमेंटचा लेप मारणं, कठडे घालणं आवश्यकच आहे, त्याबद्दल दुमत असूच शकत नाही.

पण घाट रुंद होताना, बोगदे होताना, टेकड्यांच्या खाणी होताना या रेघा एकेक करून झाकल्या किंवा फोडल्या जात आहेत. ज्या कड्यावर उभं राहून जगाच्या इतिहासातला एक फार मोठा उलथापालथीचा काळ बोटाने मोजता येतो, तिथे साधी पाटीही नसते. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, काळ्या दगडाच्या उभ्या खांबांची टेकडी; चारही बाजूंनी वस्तीने वेढलेली. ती पाहायला परदेशातून माणसं येतात आणि शेजारच्या शाळेतल्या मुलांना ती कशाची आहे ते ठाऊक नसतं.

म्हणून रस्ते बांधणाऱ्या खात्याला, अभियंत्यांना आणि कंत्राटदारांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक मोठ्या घाटात, जिथे दगड पक्का आहे आणि दरडीचा धोका नाही अशा एका जागी, पन्नास फुटांचा कापा उघडा ठेवा. गाडी उभी करता येईल इतकी जागा सोडा, कठडा घाला, आणि मराठीत पाटी लावा: वरचा थर कोणता, खालचा कोणता, मधल्या तांबड्या रेघेत किती वर्षं आहेत. कोट्यवधींच्या रस्त्यात एवढा खर्च कुणाला जाणवणारही नाही.

आणि वाचकहो, ती पाटी लागेपर्यंत थांबू नका. सुट्टीत घाटातून जाल तेव्हा रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, मुलांना उतरवा, आणि सुरक्षित ठिकाणी तांबड्या थराला हात लावू द्या. डाग पडेल, पडू द्या.